साडेतीनशे

पेटी निळी होती. तिला तीन कुलपं.
एक किल्ली एनिफाकडे, एक लिगिनेतीकडे,
तिसरी माझ्या चितेंजेच्या गाठीत.
तिघी आल्याशिवाय झाकण उघडायचं नाही.
एनिफाला ताप आला
की आमच्या ओसरीवरच्या बँकेचे सगळे पैसे
तिच्यासोबत चटईवर पडून राहायचे.

दर बुधवारी उसिपा वाळत घालून झाली
(तळ्यातली मासळी, करंगळीएवढी, वास मात्र तीन दिवस)
की आम्ही अठराजणी जमायचो.
पैसे मोजायचो, परत मोजायचो,
आणि झाकण लावण्याआधी
आतला आकडा मोठ्यानं म्हणायचो. तीनदा.
पुढच्या बुधवारी पेटी उघडण्याआधी पुन्हा तोच.
लिहिता येणारी एकटी फालेसी,
आणि तिची वही कायम भिजलेली.
तेव्हा आकडा आठवडाभर तोंडात ठेवायचा,
मका कांडताना, जाळं शिवताना.
माझ्या धाकट्यानं अंगाई ऐकली नाही,
बेरीज ऐकत झोपला तो.

मग वोंगानी आला मोटारसायकलवरून.
पिवळं जॅकेट, दोन फोन.
म्हणाला, पेटी चोर उचलून नेतो,
फोनमधले पैसे कोण उचलणार?
खोटं नव्हतं. कासांबाच्या बायकांची पेटी
कुलपांसकट गेली होती, आदल्याच वर्षी.

किल्ली आता चार आकड्यांची झाली.
मी ठेवला आमच्या होडीचा नंबर,
त्या रात्री परत न आलेल्या होडीचा.
कुणाला सांगायचा नाही हं, वोंगानी म्हणाला.
ज्याला ठाऊक होता तो नाहीच, मी म्हटलं,
पण ते त्याला कळलं नसावं.

रेंज फक्त टेकाडावरच्या खडकावर.
मग बँक ओसरीवरून खडकावर गेली,
गुडघे धरत, शिव्या देत, आमच्यासकट.
पण खरं सांगते, फरक पडला.
मासळी स्वस्तात आली तेव्हा लिगिनेतीला
बुधवारची वाट पाहावी लागली नाही,
होडीतून टोपल्या उतरेपर्यंत तिचं कर्ज हातात.
एनिफानं तर दवाखान्यातल्या खाटेवरून
हाताला सलाईन असताना
आपले चार आकडे दाबले.
तापाची किल्ली पहिल्यांदाच वेळेवर पोचली.

तिसऱ्या महिन्यात एका बुधवारी
आम्ही सवयीनं आकडा म्हटला:
एक लाख चौऱ्याऐंशी हजार सहाशे.
वोंगानी हसला.
कशाला पाठ करताय? फोनला पाठ आहे की.
मग वाच, फालेसी म्हणाली.

एक लाख चौऱ्याऐंशी हजार
दोनशे पन्नास.

वाऱ्यानं कुणाची तरी टोपली उलटली,
ती उचलायला कुणी गेलं नाही.
वोंगानीनं बोट वर सरकवलं, खाली सरकवलं.
सेवाशुल्क, तो म्हणाला. कंपनीचं.
कंपनी कुठे बसते?
लिलोंग्वेला. म्हणजे, खरं तर आणखी लांब.
बसते, तर बुधवारी का येत नाही?

आमच्यात उशिरा येणाऱ्याला पन्नास क्वाचा दंड,
न विचारता पैशाला हात लावणाऱ्याला दोनशे.
नियम वहीत आहे,
भिजला तरी वाचता येतो.
वोंगानी खूप वेळ आमच्याकडे बघत राहिला,
मग खिशात हात घालून त्यानं
स्वतःचे दोनशे काढून खडकावर ठेवले.
वर दगड ठेवला, उडू नयेत म्हणून.

तक्रार लावली आहे. फोनवर एक बाई
भाषा निवडा म्हणते, आणि मग संगीत लागतं.
साडेतीनशे अजून आले नाहीत.
आम्ही दर आठवड्याला दोन आकडे म्हणतो आता,
एक फोनचा, एक आमचा,
मधलं अंतर तिसऱ्यांदा, जरा जास्त मोठ्यानं.

पेटी लिगिनेतीच्या कोंबडीनं घेतली.
कुलपं नाहीत, झाकण उघडंच.
काल बघितलं तेव्हा सात अंडी होती.